हरिहरपर्यंतचा परवाना

आमच्या मल्लेश्वरमच्या गल्लीतले गोविंदअण्णा तुंगभद्रा ओलांडत नसत. भीती नदीची नव्हे, कायद्याची.

दर दिवाळीत हे गृहस्थ यशवंतपूरला गाडीत बसायचे आणि भाऊबीजेला हरिहरला उतरायचे. बहीण, अक्का, मिरजेला. बरं, गाडी थेट मिरजेला जाते! पण नाही. अण्णा हरिहरलाच उतरणार आणि ती माउली तिकडून गाडीत बसून येणार. का, तर अण्णांपाशी रिव्हॉल्व्हर होतं आणि त्याचा परवाना होता फक्त म्हैसूर राज्यापुरता. हरिहरचा तुंगभद्रेवरचा पूल ओलांडला की त्या काळी मुंबई राज्य.

"अलीकडे मी परवानेदार, पलीकडे गुन्हेगार. बेड्याच की हो! कायद्याचं काम, स्वल्प जपून." हे कानडी वळणाचं 'स्वल्प जपून', म्हणजे जरा जपून, दिवसातून दहा वेळा, दूध उतू जातानासुद्धा.

रिव्हॉल्व्हर वडिलांचं. ते पलटणीत सुभेदार होते. अण्णा मात्र शाळेत चित्रकलेचे मास्तर. जन्मात कधी फुलबाजीसुद्धा पेटवलेली नाही. ते हत्यार कानटोपीत गुंडाळून ट्रंकेत, ट्रंक आतल्या खोलीत, आणि एकटे अण्णा झोपणार पडवीत.

"मग घरी ठेवून जा ना," मी एकदा म्हणालो.

"परवानेदाराचं हत्यार परवानेदारापाशी. चोरीला गेलं म्हणजे?"

"पोलीस ठाण्यात जमा करा."

"वा! गावातले सगळे चोर नेऊन बसवतात, तिथे?"

कपाळ माझं! पण माणूस इतका का अडून बसतो, हे कोडं काही माझ्या डोक्यातून जाईना.

छप्पन साली राज्यांची फेररचना झाली आणि बेळगाव-धारवाड म्हैसूरकडे आलं. आमची मराठी मंडळी चिडली. अण्णा सगळ्यांहून जास्त. मी समजूत घालायला गेलो, "अण्णा, तुमचा तर फायदाच झाला. तुमची हद्द आता थेट शेडबाळपर्यंत. तिथून मिरज हाकेच्या अंतरावर. अक्का सकाळी येतील, संध्याकाळी घरी."

ती रेघ जणू मीच ओढली होती, असे अण्णा माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "परवाना जुना, हद्द जुनी. हरिहर म्हणजे हरिहर."

मी पडलो सरकारी कचेरीतला कारकून. असा अडाणीपणा मला बघवेना. चार टेबलं फिरलो, चौकशी केली. राज्याबाहेर हत्यार न्यायला वेगळा प्रवास परवाना मिळतो! अर्ज भरला आणि ऐटीत अण्णांपुढे ठेवला.

"इथे सही करा. आठ दिवसांत परवाना हातात. या दिवाळीला थेट मिरज! तुमच्या दाजींनाही पत्र लिहून ठेवलंय, आता टाकून येतो."

अण्णांनी अर्जाकडे बघितलंही नाही. माझ्या हातातलं पत्र मात्र झडप घालून ओढलं.

"हे टाकू नका, देशपांडे. पाया पडतो."

मी चरकलो. अण्णा खाली बसले.

"सोळा माणसांचं घर आहे हो तिचं. दाजी वाईट नाहीत, पण माहेरी पाठवायचं म्हटलं की 'स्वयंपाकाचं काय? भावालाच बोलवा.' मी गेलो, तर माझ्यासाठी आणखी चार पुरणपोळ्या लाटणार तीच. कायद्यापुढे मात्र दाजींचं काही चालत नाही. सरकार म्हटलं की गप्प बसतात."

"आणि हरिहरला अक्का काय करतात?"

"काही नाही." अण्णांचा चेहरा उजळला. "धर्मशाळेत उन्हं वर येईपर्यंत झोपते. मी चहा करून देतो. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा, ती अकराची. तेव्हापासून ती चुलीपुढं आहे, देशपांडे. मला तिनं वाढवलं. वर्षात एक सकाळ तिला आयता चहा मिळतो, तेवढा राहू द्या."

मला माझ्या हुशारीची लाज वाटली. अर्ज फाडला, पत्रही फाडलं. मग दाजींना धाडायला कोरा कागद घेतला आणि कचेरीतली ठेवणीतली भाषा काढली: 'श्री. गोविंदराव यांस हत्यारासह हरिहरपुढे जाण्यास मनाई आहे. सबब आपल्या पत्नीस भाऊबीजेसाठी हरिहर मुक्कामी एक दिवस पाठवावे.'

अण्णांनी दोनदा वाचलं. घसा खाकरून हळूच म्हणाले, "दोन दिवस कायद्यात बसतात का हो? स्वल्प बघा की."

मी तीन लिहिले.