सुदर्शनची हलकी चाकं

"आता बघच अपेक्षा, आपली गाडी वाऱ्याशी बोलणार!" सुदर्शननं छाती फुगवून बायकोला सांगितलं. आपल्या लालबुंद हॅचबॅकची मोठी, जड चाकं काढून त्यानं लहान, वजनाला हलकी अलॉयची चाकं बसवून आणली होती. "भाई, एकदम मक्खन चलेगी!" अशी दुकानदाराची ग्वाहीही होती.

अपेक्षानं गाडीभोवती फेरी मारली. "अहो, ही उकिडवी बसल्यासारखी का दिसतेय?"

"स्पोर्टी दिसतेय! तुला नाही कळायचं!"

दुसऱ्या दिवशी मेहुणीचा, अक्षदाचा, देवगाव रंगारीला साखरपुडा. नवरदेवाची अंगठी शहरातून यांनीच न्यायची होती. खरेदीला आलेल्या सासूबाई, चतुराबाई, मागं बसल्या. शेजारी पेढ्यांचे खोके, आहेराची बोचकी. गाडी आणखी खाली दबली.

हायवेवर सुदर्शननं काटा ऐंशीवर नेला. तरी दुधाचे कॅन लावलेला फटफटीवाला शेजारून सुसाट निघून गेला!

"जावईबापू, दामटा की जरा! मुहूर्त टळंल!"

"मामी, ऐंशीवर आहे!"

"मंग त्यो दूधवाला काय इमानात बसलाय व्हय?"

सुदर्शननं पुन्हा काट्याकडं पाहिलं. चाक लहान झालं, म्हणून जास्त गिरक्या घेतंय, अन् काटा नुसती फुशारकी मारतोय, हे आता त्याच्या ध्यानात आलं. बायकोला सांगायची मात्र हिंमत होईना.

पुढं गतिरोधक सुरू झाले. दर वेळी गाडीचं पोट खरडायचं अन् कळ सुदर्शनच्या पोटात यायची! गावाच्या तोंडाशी तर म्हशीच्या पाठीएवढा गतिरोधक. गाडी त्यावर चढली, 'खर्रर्र' करून ओरडली आणि तिथंच बसली. पुढं जाईना, मागं येईना!

अपेक्षानं वडिलांना फोन लावला. "दादा, चाकं बदलायला हे गेले, अन् आता गाडी बसली!"

रेंज तुटत होती. मांडवातल्या गलक्यात बद्रीनाथरावांना ऐकू आलं एवढंच : "चाकं... हे गेले!"

ट्रॅक्टर भरून अख्खा मांडव धावत आला! बद्रीनाथरावांनी खाली उडी टाकली आणि सुदर्शनच्या गळ्यात पडून हंबरडा फोडला. "जित्ता हाय! माझा जावई जित्ता हाय!"

"मला काय झालंय, मामा?"

मागून नवरदेव इंद्रजीत उतरला, त्याचे वडील कडुबा उतरले. कडुबा कमरेवर हात ठेवून गाडीकडं नुसते बघत राहिले. सुदर्शनच्या मनात आलं, आपल्या चाकांपायी सोयरीक मोडली तर? इंद्रजीतनं बाह्या सरसावल्या, चार-पाच गडी घेतले आणि "हैश्शा!" करत गाडी उचलून पलीकडं ठेवली. नव्याकोऱ्या शेरवानीवर काळ्या ऑइलचा हा एवढा पट्टा!

मांडवात अंगठी बाहेर निघाली, तोच कडुबांनी हात वर केला. "थांबा! आमची एक अट हाय."

इतके दिवस या माणसानं काहीच मागितलं नव्हतं! बद्रीनाथरावांचा चेहरा उतरला. चतुराबाईंनी तोंडाला पदर लावला. अक्षदा रडायच्या बेतात. सुदर्शनला वाटलं, जमिनीनं आत्ता आपल्याला पोटात घ्यावं.

"लग्नात नवरदेवाला त्या लाल गाडीत बसवायचं नाय!" कडुबा गरजले. "आमचं पोरगं लगीन करायला चाललंय, गाड्या उचलायला नाय!"

"मान्य!" सगळ्यांत आधी ओरडला तो सुदर्शनच.