वानखेडेकाकांचं उन्हाळ्यातलं इंजिन

समोरच्या फ्लॅटमधल्या वानखेडेकाकांना ‘आज ऊन किती?’ असं विचारलं, की ते शांतपणे ‘तीनशे वीस’ म्हणतात. नवखा माणूस घाबरतो. सत्तेचाळीस अंशांत दोनशे त्र्याहत्तर मिळवून केल्विन केल्याशिवाय काकांना घामच येत नाही.

काका वीज केंद्रात बॉयलरवर होते, आता निवृत्त. मी बावीस वर्षं बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो. हे मुद्दाम सांगतोय, कारण माझीच मुलगी जुई उष्मा इंजिनाची कार्यक्षमता शिकायला त्यांच्याकडे जाऊ लागली.

“बाबा, तुम्ही सूत्र सांगता. काका समजावून सांगतात,” ती म्हणाली.

झोंबलंच ते. एका संध्याकाळी तिला बोलावण्याच्या निमित्तानं मी काकांच्या दारात जाऊन उभा राहिलो. खरं तर चूक पकडायला. आत जुई आणि कॉलनीतली पाच-सहा मुलं.

“बॉयलर आठशे केल्विन. बाहेर आपलं मे महिन्यातलं नागपूर, तीनशे वीस. थंडाले गरमानं भागा, एकातून वजा करा. कार्यक्षमता जास्तीत जास्त किती?”

“साठ टक्के!”

“अन् जानेवारीत सात अंश, म्हणजे दोनशे ऐंशी?”

“पासष्ट!”

“पाहा! उन्हाळ्यात इंजिनाच्यानंही काम होत नाही, अन् तुमचे मायबाप तुमाले अभ्यास करा म्हणून राहिले!”

मुलं खो खो हसली. माझ्या वर्गात या प्रकरणावर कोणी हसलेलं मला आठवत नाही. माझ्यावर हसले असतील.

“आता थंड बाजू शून्य केल्विन केली तं?” काकांनी विचारलं आणि वही मिटली. “उद्या सांगतो.”

“आत्ताच सांगा नं, काका!”

“उद्या या.”

सापडली चूक! मुलं गेल्यावर मी गोड आवाजात विचारलं, “शेवटचं अडलं वाटतं, काका?”

त्यांनी वही उघडून पुढे धरली. सुवाच्य अक्षरात उत्तर होतं: ‘शंभर टक्के. पण शून्य केल्विन कोणालेच गाठता येत नाही.’

“मग मुलांना सांगितलं का नाही?” मी विचारलं.

“पूरं आजच सांगून देलं, तं उद्या येईन कोण गा?”

काकू गेल्याला दोन वर्षं झाली होती. घरात फक्त कूलरचा आवाज होता.

मी चपला काढल्या. “काका, मलाही हे प्रकरण पहिल्यापासून सांगा.”

पाऊण तास त्यांनी मला समजावलं. जळफळाट काही कमी झाला नाही. माणूस खरंच माझ्यापेक्षा चांगलं शिकवत होता.