शिट्टी, ढब्बू आणि पाणी

महिपतरावांनी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात उभा जन्म सुपरवायझरकी केली. त्यांनी शिट्टी फुंकली की बंद पडलेलं मशीनसुद्धा दचकून सुरू व्हायचं. असं ते स्वतःच सांगतात, आणि त्यांना खोटं पाडायला त्या कारखान्यातलं कुणी दिवा स्टेशनाजवळच्या आमच्या बिल्डिंगीत राहत नाही.

त्यामुळे लेकीने, योगिनीने, ढब्बू नावाचं पिल्लू घरात आणलं आणि सोसायटीचे सेक्रेटरी जगन भोईर बजावून गेले, "रविवारी बघायला येतो. घाण करताना नाहीतर चावताना दिसला, तर कुत्रा बाहेर," तेव्हा महिपतराव नुसते हसले.

"माणसं सुधारली माझ्या हाताखाली. हे तर जनावर."

"ओला टॉवेल पलंगावर टाकणारं एक माणूस राहिलंय," त्यांची बायको सगुणाबाई म्हणाल्या.

पद्धत साधी होती. गॅलरीत पेपर अंथरायचा, शिट्टी फुंकायची, ढब्बूला उचलून पेपरावर ठेवायचं, काम झालं की बिस्किट. चावण्यावरही बिस्किटच. त्याने पाय धरला की लगेच तोंडात बिस्किट. "तोंड भरलेलं असलं की चावेल कशाने?" ढब्बूने त्यातून इतकंच घेतलं, की भूक लागली की महिपतरावांचा पाय धरावा.

शिट्टीने मात्र वेगळाच घोळ घातला. दिव्यात पाणी कधी येईल याचा नेम नाही, म्हणून ते आलं की आमचा वॉचमन खालून शिट्टी मारतो. महिपतरावांनी पहिली शिट्टी फुंकली आणि सगळी बिल्डिंग हंडे-बादल्या घेऊन खालच्या नळावर. बायजाबाई तर डोक्याला शाम्पू लावून.

"काका, पाणी कुठाय?"

"पाणी नाही. ट्रेनिंग चाललंय."

"कोणाचं, आमचं?"

पण महिपतराव मागे हटेनात. वॉचमनची शिट्टी वाजली तरी ते ढब्बूला पेपरावर नेऊन बिस्किट द्यायचे. दुपारी सगळे झोपले की ते ढब्बूला पोटावर घेऊन पडायचे. हा गेला तर योगिनीला फार वाईट वाटेल, असं त्याच्या पाठीवर हात फिरवत ते स्वतःला समजावायचे.

रविवारी भोईर आले. खुर्चीचा फोम ढब्बूने उपसलेला, म्हणून सगुणाबाईंनी तिच्यावर पेपर पसरला. भोईर टेकले, पेपर घसरून अर्धा त्यांच्या पायाखाली आला, आणि ढब्बूने त्यांचा घोटा धरला. महिपतरावांचा हात आपोआप खिशात गेला. ढब्बूला बिस्किट मिळालं.

"चावल्याचं बक्षीस देता व्हय?" भोईर म्हणाले.

"ते सोडा. आता शिट्टी बघा."

शिट्टी ओठांपर्यंत पोचायच्या आत गॅलरीतला पाइप गुरगुरला. ढब्बूने कान टवकारले, बिस्किट टाकलं आणि सगळ्यात जवळचा पेपर गाठला. त्या पेपरावर भोईरांचा पाय होता. ढब्बूने त्याचा बाऊ केला नाही.

"संपला विषय," ओला पाय झटकत भोईर उठले. "आजच्या आज हा..."

तेवढ्यात खालून वॉचमनची शिट्टी आली. पाणी.

भोईर थांबले. त्यांनी पायाकडे पाहिलं, पाइपाकडे पाहिलं, मग ढब्बूकडे. पाइप गुरगुरतो, मागून शिट्टी येते, मग बिस्किट, हे त्या पिल्लाने एकट्याने हेरलं होतं. बिल्डिंगीचे कान कायम वॉचमनच्या शिट्टीकडे; तो पाइप आजवर कुणाला ऐकूच आला नव्हता.

"काका," भोईर खाली बसत म्हणाले, "वॉचमनच्या आधी समजतं याला?"

महिपतरावांनी छाती फुगवली. "म्हणजे काय, शिकवलंय तसं."

ढब्बू राहिला. शिट्टी सोसायटीने जप्त केली. आता महिपतराव दिवसभर गॅलरीत स्टुलावर बसून असतात, समोर पेपर आणि ढब्बू.

खालून बायजाबाई विचारतात, "काका, केली का त्याने?"

"अजून नाही."

"नीट लक्ष ठेवा. काल डुलकी लागलेली तुम्हाला. माझी बादली राहिली."

मधेच पाय मोकळे करायला महिपतराव उठू लागले, तर ढब्बू घोटा धरतो. ते मुकाट्याने परत बसतात. मग सगुणाबाई स्वयंपाकघरातून येतात आणि ढब्बूला बिस्किट देऊन जातात.