चार बोटं डावीकडे

कौशल्याबाईंच्या घरचा गणपती यंदा पहिल्यांदाच कर्वेनगरला धाकट्या मुलाकडे आला. गणपती चौरंगावर बसला आणि अभय परीक्षेला.

वडील गेल्यापासून हा दीड दिवसाचा गणपती वाघोलीला थोरल्या पुष्करकडे असायचा. गेल्या वर्षी मात्र थोरल्या सूनबाईंनी, म्हणजे सोनालीनं, बाप्पाच्या डाव्या खांद्यावरून मनगटापर्यंत उपरणं पांघरायच्या ऐवजी ते नुसतंच गळ्यात घातलं. ह्यात एवढं काय, असं ज्यांना वाटेल त्यांच्या घरी कुळाचार नसावा. कौशल्याबाई काही बोलल्या नाहीत. मोदक मात्र त्यांनी एकच खाल्ला. आणि यंदा श्रावण लागताच जाहीर केलं, "या वर्षी अभयकडे बसवू. नाहीच जमलं, तर वाघोली आहेच."

अभय आणि शर्मिलाला हे फार दिवसांपासून हवं होतं. दरवर्षी पाहुण्यासारखं वाघोलीला जायचं, दुसऱ्याच्या घरात टाळ्या वाजवायच्या आणि डब्यात मोदक घेऊन परतायचं, याचं दोघांनाही वाईट वाटायचं. खडकीच्या क्वार्टरमध्ये वडिलांच्या शेजारी उभं राहून अभयनं लहानपणी आरतीचं तबक धरलेलं होतं. ते तबक एकदा आपल्या घरात फिरावं, एवढीच त्याची इच्छा होती.

सकाळी सगळं यथासांग झालं. उपरणं मनगटापर्यंत पोचलं. मोदकाच्या कळ्या मोजून घेतल्यासारख्या आल्या. कौशल्याबाईंनी चार मोदक खाल्ले, म्हणजे पहिला पेपर चांगला गेला. जेवणानंतर दुपारी आडव्या होताना त्या म्हणाल्या, "आता उद्या उत्तरपूजा होईपर्यंत बाप्पाला जागचं हलवायचं नाही. हलवलं म्हणजे निरोप दिला. आणि ती तुमची तबकडी बंद ठेवा."

तबकडी म्हणजे फरशी झाडणारं गोल यंत्र. शर्मिलानं ते बंद केलं होतं, कोपऱ्यात ढकललं होतं, वर टॉवेलही टाकला होता. फक्त रोज दुपारी तीनला आपोआप सुरू व्हायचं जे वेळापत्रक तिच्या मोबाईलमध्ये होतं, ते तिच्या डोक्यात नव्हतं.

तूप घातलेल्या उकडीच्या मोदकांनंतर पुण्यात माणूस दुपारी जागा राहत नाही. तीन वाजता घरात फक्त तबकडी जागी झाली. टॉवेल झटकून ती निघाली, हॉलभर फिरली, चौरंगाखाली शिरली आणि तिथे लोंबणारं रेशमी कापड तिनं ब्रशमध्ये गुंडाळायला घेतलं. कापड ओढलं गेलं, त्याच्याबरोबर चौरंग ओढला गेला, आणि चौरंगाबरोबर बाप्पा.

"एरर. प्लीज क्लीन द मेन ब्रश," तबकडी म्हणाली, त्या आवाजानं अभय जागा झाला.

त्यानं पाहिलं ते असं, की मखराची कमान होती तिथेच होती, पण बाप्पा तिच्या मधून डावीकडे सरकले होते. चौरंगाचा एक पाय रांगोळीच्या मोरावर उभा होता. मूर्तीला ओरखडाही नव्हता. बाप्पा स्वयंपाकघराकडे बघत होते, जणू मोदक राहिलेत का ते विचारायला.

"शर्मिला!" अभय कुजबुजला. "मेलो आपण."

शर्मिलानं येऊन बोटं लावून पाहिली. "चार बोटं आहे रे फक्त."

"फक्त? अगं, निरोप दिला आपण! पहिल्याच दिवशी, पहिल्याच वर्षी!"

"हळू बोल. गुरुजींना विचार."

गुरुजी कोणत्या तरी चौकात स्कूटरवर होते. "बोला पटकन. अजून सहा घरं आहेत."

"गुरुजी, बाप्पा हलले."

"कोणी हलवले?"

"मशीननं. झाडायच्या."

फोनमध्ये करकचून ब्रेक लागल्याचा आवाज आला. "मशीन सोवळ्यात होतं का?"

"गुरुजी, प्लीज."

"अक्षता वाहा, क्षमा मागा, उचलून जागेवर ठेवा. आणि मशीनला प्रसाद देऊ नका." फोन बंद.

अभयनं अक्षता हातात घेतल्या, डोळे मिटले, आणि बेल वाजली.

दारात यमुनाबाई होत्या, समोरच्या फ्लॅटमधल्या. सोसायटीच्या भजनी मंडळाच्या अध्यक्ष. त्यांना विचारल्याशिवाय आमच्याकडे कोणी तुळससुद्धा लावत नाही, असं सोसायटीतले लोक कौतुकानं सांगत, आणि त्या गेल्या की तेच वेगळ्या आवाजात सांगत. शर्मिलानं पायानं तबकडी सोफ्याखाली सारली.

यमुनाबाईंनी नमस्कार केला, दूर्वा वाहिल्या, आणि त्यांची नजर मोराच्या मानेवर उभ्या असलेल्या चौरंगाच्या पायावर गेली. "हे असं तिरकं का हो? मधे नाही बसवले बाप्पा?"

अभयनं मुठीतल्या अक्षता घट्ट धरल्या. शर्मिला म्हणाली, "काकू, आमच्याकडे तसंच असतं. पहिल्या दिवशी दुपारी चार बोटं डावीकडे सरकवतात."

"का?"

"कुळाचार आहे."

हा शब्द पुण्यात उच्चारला की पुढचा प्रश्न विचारायची पद्धत नाही. यमुनाबाईंनी मान डोलावली, आणि तेवढ्यात आतून कौशल्याबाई पदर सावरत बाहेर आल्या.

"या कौशल्याताई! तुमचा हा चार बोटांचा कुळाचार फारच गोड हो! मी आजवर कुठे पाहिला नव्हता."

कौशल्याबाईंनी चौरंगाकडे पाहिलं. मोराकडे पाहिलं. सोफ्याखाली लुकलुकणाऱ्या हिरव्या दिव्याकडे पाहिलं. मग मुलाकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "हं."

त्यानंतर त्या चहा प्यायल्या, यमुनाबाईंशी गुडघेदुखीवर बोलल्या, पण चौरंगाविषयी चकार शब्द काढला नाही. अभयला वाटलं, ओरडली असती तर बरं झालं असतं. आता बाप्पाला परत जागेवर ठेवायचीही सोय नव्हती. सरकवलेल्या बाप्पाची कीर्ती जिन्यानं खाली गेली होती.

संध्याकाळपर्यंत ती सोसायटीच्या ग्रुपवर पोचली. 'जुनी दुर्मिळ प्रथा' असं शीर्षक यमुनाबाईंनी दिलं होतं. एका निवृत्त इंजिनियरनी लगेच खुलासा केला, की पृथ्वीचा आस कललेला आहे आणि हे आपल्या पूर्वजांना ठाऊक होतं. कोणी म्हणालं, डावीकडे म्हणजे हृदयाकडे. कोणी विचारलं, बाप्पाचं डावं की आपलं? बोटं कर्त्या पुरुषाची की घरच्या लक्ष्मीची, यावर बी विंगमध्ये नवराबायकोत वाजलं आणि त्या धुमश्चक्रीत कलश कलंडला. सातच्या आरतीला अर्ध्या सोसायटीचे गणपती आपापल्या मखरात तिरके बसलेले होते.

"शर्मिला," अभय खुर्चीत कोसळत म्हणाला, "आपण एकट्या आपल्या बाप्पाला नाही, सबंध सोसायटीच्या बाप्पांना वेळेआधी निरोप दिला."

गुरुजींचा फोन आला. "काय हो, तुमच्या सोसायटीतून मला फोनवर फोन येतायत. चार बोटं करंगळीकडून मोजायची की तर्जनीकडून?"

"तुम्ही काय सांगितलंत?"

"मी म्हटलं, ज्यांचा कुळाचार त्यांना विचारा."

हा घोट गिळतोय तोवर कौशल्याबाईंचा फोन वाजला. पुष्कर. त्यांना कानाला फोन लावून ऐकू येत नसे, म्हणून तो नेहमी स्पीकरवर. अभयनं डोळे मिटून घेतले. आता गणपती चालला वाघोलीला, कायमचा.

"आई, इकडे वाघोलीत लोक मला विचारतायत. तुमच्याकडे म्हणे बाप्पाला चार बोटं सरकवतात? हे कधीपासून? मी इतकी वर्षं केलं, मला कसं माहीत नाही?"

कौशल्याबाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला.

"तुला सांगितलं होतं मी," त्या म्हणाल्या. "तुझं लक्ष कुठे असतं?"

"कधी सांगितलंस?"

"हेच ते. ठेव आता. आरती व्हायचीय."

आरती झाली. तबक अभयच्याच हातात होतं. प्रसाद वाटून झाल्यावर तो स्वयंपाकघरात आईसमोर जाऊन उभा राहिला. "आई, ते सरकवणं वगैरे..."

"तबकडी. दिसली मला." त्या कणीदार तूप बरणीत भरत होत्या. "खडकीला होतो तेव्हा तुझे बाबा मूर्ती घेऊन स्कूटरवरून येत होते. रेल्वे फाटकाशी गचका बसला आणि बाप्पाचा डावा हात मनगटापाशी निखळला. गुरुजी दारात. दुसरी मूर्ती कुठून आणणार? घामाघूम झाले बिचारे. मग स्वतःचं उपरणं काढून बाप्पाच्या खांद्यावरून मनगटापर्यंत पांघरलं. शेजारणीनं विचारलं, तर म्हणाले, आमच्याकडे असंच असतं."

अभय म्हणाला, "म्हणजे उपरण्याचा कुळाचार..."

"पुढच्या वर्षी बाप्पाचा हात शाबूत होता रे. पण तोवर क्वार्टरच्या आख्ख्या लाइनीनं आपापल्या गणपतीला उपरणी पांघरली होती. मग आपणच कसं सोडणार?"

"आणि त्याच्यावरून तू वहिनीकडून गणपती काढून घेतलास!"

"कुळाचार तो कुळाचार," कौशल्याबाई म्हणाल्या. मग बरणीचं झाकण लावता लावता थांबल्या. "ते उपरणं नीट पांघरलं ना, की तुझे बाबा मला दारात उभे दिसतात. घाबरलेले, अक्षता मुठीत घट्ट धरलेले. गेल्या वर्षी दिसले नाहीत. वाईट वाटलं." त्यांनी अभयकडे पाहिलं. "आज दुपारी तू अगदी तसाच उभा होतास."

अभयला एकदम भरून आलं. त्यानं वाकून नमस्कार केला. दारामागे उभ्या असलेल्या शर्मिलानंही डोळे पुसले आणि पुढे येऊन नमस्कार केला.

"बरं, बरं. पुढच्या वर्षीही इथेच बसवू," कौशल्याबाई म्हणाल्या.

"आई, खरंच सॉरी," शर्मिला म्हणाली. "ती तबकडी मी उद्याच्या उद्या विकून टाकते."

कौशल्याबाईंनी तिच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, ज्या नजरेनं गेल्या वर्षी त्यांनी सोनालीकडे पाहिलं होतं.

"विकते म्हणजे? मग पुढच्या वर्षी दुपारी तीनला बाप्पाला सरकवणार कोण?"