सरपंचांच्या घराचा पिस्ता रंग

अख्खं गाव गुलाबी करायचं, असा ठराव सरपंच पुंडलिकरावांनी ग्रामसभेत पास करून घेतला. सुंदर गावांच्या स्पर्धेत मारेगाव तालुक्यातून पहिला नंबर काढायचाच, या ध्यासापायी त्यांना जेवण गोड लागत नव्हतं. सगळी घरं रंगली. राहिलं ते नेमकं सरपंचांचंच.

रंगारी रामधन बादली घेऊन आला, तर सरपंचांच्या बायको कोकिळाबाई दारातच खुर्ची टाकून बसलेल्या.

"दिवाळीले पिस्ता रंग देल्ला मी. तो असाच राहीन."

"अवं, ठराव झाला ना," पुंडलिकराव म्हणाले.

"ऐन कापूस वेचाच्या दिवसात सभा ठेवल्ली तुमी. आमी बाया सगळ्या वावरात."

सरपंच तणतणत पंचायतीत गेले. "चारुदत्तभाऊ, घरमालकाले नोटीस काढा."

ग्रामसेवक चारुदत्तनं रजिस्टर उघडलं आणि घसा खाकरला. "मालक कोकिळाबाई आहेत. तुम्हीच तर घर त्यांच्या नावानं केलं. साऱ्या गावाले सांगत फिरले होते."

आता आली का पंचाईत! तरी नोटीस निघाली. तासाभरात लेखी उत्तर आलं: 'रस्ता, नाली, पाणी पंचायतीनं पाहावं. माझी भिंत मी पाहीन.' ही बातमी विहिरीवर पोचायला कितीसा वेळ? दुसऱ्या दिवशी मानीबाईनं आपली भिंत पुन्हा निळी केली, सत्यशीलानं पिवळी. आठवड्यात गावात गुलाबी घरं उरली चार.

आणि तपासणीची गाडी आली.

"सरपंच, ठरावात गुलाबी लिहिलंय. मग हे काय?" समितीच्या मॅडमनी विचारलं.

रंग संपला, असं सांगता आलं असतं. पण पिस्ता भिंतीपुढं ताठ उभ्या असलेल्या बायकोकडं पाहून पुंडलिकरावांची छाती उगाच फुगली.

"मॅडम, रस्ते पाहा, नाल्या पाहा. त्यात खोट निघाली तर मले धरा. भिंती ज्याच्या त्याच्या. मी सरपंच हावो, मालक नाही."

नंबर दुसऱ्या गावाला गेला. निकाल ऐकून पुंडलिकराव घरी आले ते हसतच.

"नंबर गेला, मंग हसून काहून राह्यले?" कोकिळाबाईंनी विचारलं.

"सरपंचाले घरूनच लेखी नकार! आहे का अशी बाई तालुक्यात? तुव्ह्या पत्राची झेरॉक्स पंचायतीच्या बोर्डावर लावून आलो मी."

"कोणाले पुसून?"

पुंडलिकरावांनी नुकतीच काढलेली चप्पल पुन्हा पायात घातली.