लॅपटॉपातल्या मोटरीचा नारळ

यंत्राच्या बाबतीत आमच्या घरात शेवटचा शब्द माझा! नारळ फोडल्याशिवाय मी आजवर एकही मोटर सुरू केली नाही, म्हणून माझी एकही मोटर जळली नाही. शेजारच्या गेणभाऊनं नारळाचा आळस केला. त्याच्या मोटरी फुलबाज्यांसारख्या जळतात!

आमची नात हर्षाली अवसरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकते. घरी आली आणि विहिरीवरच्या मोबाईल स्टार्टरच्या मागे लागली. फोन लावला की मोटर सुरू करते ती पेटी. दुसऱ्या दिवशी तिला सरांना प्रोजेक्ट दाखवायचा होता. नाही दाखवला तर वर्ष वाया!

"आबा, पेटीतल्या प्रोग्रॅमची नक्कल काढून मी लॅपटॉपात चालवलीय," ती म्हणाली. "लॅपटॉपला वाटतंय, आपणच स्टार्टर! आता त्याच्या हव्या तेवढ्या खोड्या काढायच्या. कंपनीनं सगळ्या पेट्यांत एकच चोर-आकडा ठेवलाय. तो ज्याला कळला, तो कोणाचीही मोटर चालू करील!"

"आन् आपली मोटर?"

"तिला धक्काही नाही. कांद्याला पाणी चालूच राहील."

ती आंघोळीला गेली. मी पडद्यावर बोट ठेवून वाचलं : 'मोटर चालू'. घरात नवी मोटर सुरू, आणि नारळ नाही!

"कुशे, नारळ आन!"

बायको कुशाबाई चुलीपासून म्हणाली, "अवो, ती खोटी मोटर हाय म्हनं."

"खोटी आसंल, पन चालू हाय ना!"

हळदकुंकू वाहिलं, उदबत्ती ओवाळली. नारळ फोडला तो असा, की पाण्याची धार थेट बटणांवर! पडदा एकदा लुकलुकला आणि काळा पडला.

"मोटर जळली!" मी ओरडलो.

ओरडा ऐकून गेणभाऊ धावत आला. मोटरी जळण्यातला जाणता माणूस तो! "लई सोपं हाय राव, वारं मारू!" म्हणत त्यानं द्राक्षबागेत फवारायचा ब्लोअर ट्रॅक्टरसकट अंगणात आणला. लॅपटॉप खाटेवर ठेवून मी धरून बसलो. ब्लोअर असा सुटला, की बटणं फुटाण्यांसारखी उडाली. साठीत मोठ्या कष्टानं अक्षरं शिकलेला माणूस मी. माझ्या डोळ्यांदेखत ती तुळशीपलीकडे गेली! शिवाय ब्लोअरच्या टाकीच्या तळाशी उरलेल्या औषधानं लॅपटॉप निळाशार झाला.

"आता याच्यावर द्राक्षावरला डावणी रोग तरी पडायचा न्हाई," गेणभाऊ म्हणाला.

हर्षाली ओल्या केसांनी बाहेर आली.

"आबा, हे काय?"

"पूजा," मी म्हणालो.

तिनं पान्हा घेतला आणि विहिरीवरची पेटीच भिंतीवरून उतरवली. "कॉलेजातल्या कॉम्प्युटरवर सगळं पुन्हा करते. रात्र जाईल, पण होईल."

"आन् कांद्याचं पानी?"

"तुम्ही बसा विहिरीवर! लाइट आली की हातानं बटण दाबा."

बसलो. कांदा भिजला, मी वाळलो!

दुसऱ्या दिवशी हर्षाली पेटी घेऊन हसत परत आली. चोर-आकडा सरांसमोर पकडून दाखवला होता. मी भीत भीत विचारलं, "सर काय म्हनले?"

"शाबास म्हणाले. मग विचारलं, यंत्राला सगळ्यात मोठा धोका कोणाचा? मी सांगितलं, चोराला निदान आकडा तरी शोधावा लागतो. आमच्या आबांना नारळ पुरतो!"

पेटी पुन्हा भिंतीवर बसली आहे. नारळ मात्र कुशाबाईनं ट्रंकेत टाकून तिला आकड्यांचं कुलूप लावलंय. मी रोज झटतोय, पण आकडा काही सापडत नाही!