सोडलेली ओळ

पाणीपुरवठा कार्यालयाच्या जुन्या प्रोग्रॅमरला निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. तरी त्या सकाळी साहेबांनी त्याला बोलावून घेतलं. अकरा हजार घरांच्या मोबाइलवर निरोप गेला होता: ‘उद्या सहा ते दहा पाणी बंद. अहो, गोळी घेतली का? दर वेळी मीच विचारायचं का?’

“हे ‘अहो’ कोणाचं?” साहेब म्हणाले. “बायका फोन करून विचारताहेत, आमच्या ह्यांची चौकशी करणाऱ्या तुम्ही कोण.”

नवी प्रोग्रॅमर रडकुंडीला आली होती. “मी निरोप पाठवणाऱ्या प्रोसीजरला शहराचा भाग दिला, मजकूर दिला. शेवटच्या ओळीचा पॅरामीटर, म्हणजे ती भरायची जागा, ऐच्छिक होता, म्हणून रिकामा सोडला.”

“सोडला की प्रोग्रॅम पदरची ओळ घालतो,” तो म्हणाला. “आम्ही दर वेळी ‘तसदीबद्दल क्षमस्व’ द्यायचो. सोडून बघायची हिंमत कोणी केली नव्हती.”

पदरची ओळ त्याच्या बायकोची होती. शेजारच्या टेबलावर बसून प्रोसीजर तिनेच लिहिली होती. चाचणीचे निरोप त्याच्याच मोबाइलवर जायचे, म्हणून तिने एका फेरीत दोन कामं उरकली. नंतर ती ओळ काढायची राहून गेली. तिला जाऊन दीड वर्ष झालं होतं.

“काढून टाका,” साहेब म्हणाले.

तो पडद्याकडे बघत बसला. तिच्या हातचं चालू असलेलं एवढंच उरलं होतं. मग त्याने ओळ पुसली.

पुढच्या आठवड्यात निरोप गेला, नुसता पाण्याचा. दुपारपर्यंत दोनशे फोन आले. “मागे गोळीचं विचारलंत, आज नाही. आमचं काही चुकलं का?” एक आजोबा तर गोळ्यांचं रिकामं पाकीट घेऊन खिडकीशी आले. “संपवल्या सगळ्या,” ते म्हणाले. “बाईंना तेवढं सांगा.”

साहेबांनी त्याला पुन्हा बोलावलं. “घाला ती ओळ परत. पण लेखी काही मागू नका.”

त्याला ती पाठच होती. त्याने टाइप केली आणि यादी उघडून आणखी थोडं काहीतरी केलं.

“काका, एक नंबर वाढलाय,” नवी प्रोग्रॅमर म्हणाली. “हा पत्ता हद्दीबाहेरचा आहे. तिथे आपलं पाणी जातच नाही.”

“पाणी नको मला,” तो म्हणाला. “निरोप तेवढा येऊ दे.”